ट्रेकवर वाढदिवस साजरा करताय? या चुका टाळा

एकाच महिन्यात तिघांचे वाढदिवस आणि एका जोडप्याचा लग्नाचा वाढदिवस आला की ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, 'या वेळी हॉटेल नको, ट्रेक करूया.' कल्पना उत्तम आहे. कसाऱ्याची किंवा कर्जतची पहाटेची लोकल पकडली की मुंबईकर सकाळीच डोंगराच्या पायथ्याशी असतो, आणि दिवसभर सोबत चालताना ज्या गप्पा होतात त्या हॉटेलच्या टेबलावर होत नाहीत.

अशा ट्रेकचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं: केक वर, फोटो वर, घरच्यांना व्हिडिओ कॉलही वरूनच. मग ऊन चढू दे, कोणाचा गुडघा बोलू दे, मागे फिरायचं नाव कोणी काढत नाही. 'एवढा केक आणलाय, आता थोडंच राहिलंय' म्हणत सगळे रेटत राहतात. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की केक उतरल्यावर, पायथ्याच्या गावात कापा. तेवढं ठरलं की अर्ध्यावरून परतलात तरी कोणाचा वाढदिवस बुडत नाही. पुढच्या बऱ्याच चुकाही त्यानेच टळतात.

रात्री बाराला केक आणि चारला गजर

ही खास वाढदिवसाच्या ट्रेकची चूक. रात्री बाराला बिल्डिंगखाली जमायचं, दीडपर्यंत हसणं-खिदळणं, कोणी थोडी घेतलेली, आणि चारला गजर. अपुरी झोप आणि दारूमुळे शरीरातलं कमी झालेलं पाणी, या दोन्हींचा हिशोब दहा वाजताच्या उन्हात चुकता होतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. आदल्या रात्री नुसत्या फोनवर शुभेच्छा द्या. गडावर तर दारू नेऊच नका.

सरप्राइज ट्रेकही नको. ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच काही ठाऊक नसेल तर तो गुळगुळीत तळव्याचे बूट आणि जीन्स घालून येणार. बीपीची किंवा मधुमेहाची गोळी घरी राहिली, तर तो निव्वळ धोका. सरप्राइज द्यायचंच असेल तर भेटवस्तूचं द्या.

सगळ्यात कच्चा गुडघा विचारात न घेणं

'महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर' म्हणून हटकून कळसूबाई ठरतं. उंची 1646 मीटर, वाटेत लोखंडी शिड्या, आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर रांग. नियमित चालणाऱ्यांना ठीक आहे. पण ग्रुपमध्ये पन्नाशीतलं जोडपं किंवा पहिल्यांदाच येणारं कोणी असेल तर लोहगड घ्या. मळवली स्टेशनवरून जाता येतं आणि गडावर बांधीव पायऱ्या आहेत. लोणावळ्याकडून राजमाची गाठायचं तर वाट लांब, पण चढ बेताचा. कलावंतीणचा सुळका मात्र अशा दिवशी नकोच. कातळात कोरलेल्या पायऱ्यांना कठडा नाही आणि माथ्यावर घोळक्याने उभं राहण्याजोगी जागा नाही.

पावसाळ्यातला वाढदिवस धबधब्यात उभं राहून साजरा करू नका. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात सर कोसळली की खाली, आपल्या डोक्यावर फारसा पाऊस नसतानाही, पाणी एकाएकी वाढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की तिथून लगेच काठावर या. फोटोसाठी थांबू नका.

मेणबत्त्या, पॉपर, स्पीकर आणि आग्या मोहोळ

सह्याद्रीतल्या उभ्या कातळांवर आग्या माशांची मोठी पोळी लटकलेली असतात. कर्णाळ्याचा सुळका त्यासाठी ओळखला जातो. धूर, भडक सुवासाचे स्प्रे, मोठा आवाज आणि दगडफेक यांनी या माश्या बिथरतात. वाढदिवसाच्या पिशवीत नेमकं काय असतं ते आठवून बघा: केकवरची फुलबाजी, पार्टी पॉपर, धुराच्या रंगीत कांड्या, ब्लूटूथ स्पीकर. यातलं काहीही वर जाता कामा नये. त्या दिवशी परफ्यूम-डिओही घरीच ठेवा.

एखादी माशी भोवती घोंगावत असेल तर हातवारे न करता सावकाश बाजूला व्हा. थवाच उठला तर सॅक टाकून द्या, डोकं-तोंड ओढणीने किंवा जॅकेटने झाका आणि पोळ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. मात्र कड्याच्या दिशेने पळू नका. गडावरच्या पाण्याच्या टाक्यात उडी मारू नका, माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी पोचल्यावर रुतलेले काटे नखाने पटकन खरवडून काढा. काटा अंगात राहिला तर विष आत जातच राहतं, शिवाय डंखाच्या वासाने आणखी माश्या येतात. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली किंवा डंख खूप झाले असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पॉपरमधल्या चकाकत्या कागदाचे तुकडे गवतातून वेचता येत नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहतात. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. घरून स्टीलचे डबे न्या.

चालताना

हातात केकचा खोका असला की शिडी एकाच हाताने चढावी लागते. शिडीवर किंवा रॉक पॅचवर, म्हणजे उभ्या कातळाच्या टप्प्यावर, दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवरच्या सॅकमध्ये हवं. वाट माहीत असलेला एक जण पुढे आणि एक भरवशाचा गडी सगळ्यांत मागे ठेवा. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि दोन वाटा फुटतात तिथे सगळे येईपर्यंत पुढच्याने थांबायचं. माणसं चुकतात ती अशाच फाट्यांवर.

मागे फिरायची वेळ निघतानाच सगळ्यांसमोर ठरवा. एक म्हणजे एक, मग जिथे असाल तिथून वळायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कड्याच्या सावलीत त्याआधीच अंधारतं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या निसरड्या उतारावर, वाळकं गवत असलं की उतरताना पाय सरकतो आणि गुडघ्यांवर चढापेक्षा जास्त ताण येतो, म्हणून उतरायला घाई नको. टॉर्च प्रत्येकाकडे हवा. माणशी किमान तीन लिटर पाणी आणि ओआरएस घ्या.

पायात गोळा आला तर बसवा, पोटरी हळूहळू ताणा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. पाय मुरगळला तर क्रेप बँडेज बांधा. वजनच टाकता येत नसेल तर त्याला चालवू नका. उन्हाने कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि ताबडतोब मदत मागवा.

गावातलं जेवण

पिठलं-भाकरीचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि माणसांचा नेमका आकडा द्या. ऐन वेळी दहा जण जाऊन बसलात तर त्या घरच्या काकूंना चुलीवर दुप्पट भाकऱ्या थापत बसावं लागतं. क्रीमचा केक लोकलच्या गर्दीत आणि जीपच्या धक्क्यांत टिकत नाही. साधा मावा केक किंवा पेढे न्या, घरातल्या मुलांनाही पुरतील एवढे. सोबत निरांजन आणि कुंकू ठेवा. ओसरीवर जोडप्याला शेजारी बसवून केलेलं औक्षण वाऱ्यात मेणबत्ती पेटवण्याच्या धडपडीपेक्षा कितीतरी छान होतं.

रविवारी जाणार असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा. मुंबईत घरी एका माणसाकडे गडाचं नाव, वाट, गाडीवाल्याचा नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या. वेळ टळून दोन तास झाले आणि फोन लागला नाही तर त्याने 112 या आपत्कालीन नंबरवर कळवायचं, हेही त्याला आधीच सांगून ठेवा.