व्हॅक्यूम चेंबरची पहिली चाचणी : पंप लावण्याआधीची तयारी

व्हॅक्यूम चेंबर म्हणजे पंपानं आतली हवा काढून घ्यायचं बंद भांडं. आधी त्याचं झाकण मोजा. तोंडाचा आतला व्यास २५ सेंटीमीटर असेल, तर पूर्ण निर्वात झाल्यावर झाकणावर बाहेरच्या हवेचा भार सुमारे ५०० किलो पडतो. ३० सेंटीमीटरला तो ७३० किलोंवर जातो. २५ सेंटीमीटरच्या तोंडाला काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक निदान २० मिलिमीटर जाड घ्या. १२ मिलिमीटरचं झाकण पहिल्या दिवशी टिकेलही, पण त्यातला ताण पावणेतीन पट असतो. झाकणाला भोक पाडू नका, नळीची जोडणी भांड्याच्या भिंतीतच करा. झाकण साबणाच्या पाण्यानं पुसा. ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटनं केसासारखे तडे जातात.

भांडं म्हणजे सरळ भिंतीचं, २ मिलिमीटर जाडीचं स्टीलचं टोप. पत्रा निम्म्या जाडीचा घेतला की बाहेरच्या दाबाला तोंड देण्याची भिंतीची ताकद साडेपाच पटींनी घटते, म्हणून इथे काटकसर नको. पोचा आलेलं टोप बाजूला ठेवा, भिंत तिथूनच चेपायला लागते. सपाट बूड थोडं आत दबेल, ते पाहून ठेवा. काचेची बरणी मुळीच नको. तोंडाची कड सपाट काचेवर टेकवून पाहा. फट दिसली तर काचेवर पॉलिश पेपर पसरून कड घासा, मग ४-५ मिलिमीटरची सिलिकॉन गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ कडी, बसवा.

जागा परसातली, घरातली नव्हे. टोप जमिनीवर ठेवून तीन बाजूंनी चिरे रचा, टोपापेक्षा वीतभर उंच. चौथी बाजू रिकाम्या भिंतीकडे. वरून दोन-तीन गोणपाटं. फुटलेल्या झाकणाचे तुकडे आधी आत जातात आणि तिथून उसळून बाहेर येतात, म्हणून वरचं पांघरूण बाजूच्या आडोशाइतकंच गरजेचं आहे. मुलं, कुत्रं, शेजारी आसपास नकोत.

नळी आत तारेचं वेटोळं असलेली, ४ मीटर लांब. साधी पातळ नळी चपटी होते. मुख्य झडप, गेज (आतला दाब बाहेरच्यापेक्षा किती मिलिमीटर पाऱ्यानं कमी झाला ते दाखवणारा मापक) आणि हवा आत सोडण्याची छोटी झडप हे सगळं पंपाच्या टोकाला ठेवा. चाचणी चालू असताना टोपाजवळ जायची वेळच येता कामा नये. वीज अचानक गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर मुख्य झडप लगेच बंद करा, नाहीतर पंपाचं तेल नळीतून टोपात ओढलं जातं. चेहऱ्यावर पॉलिकार्बोनेटची ढाल हवीच.

टोप, गॅस्केट, नळी आदल्या दिवशी उन्हात वाळवा. ३० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ३२ मिलिमीटर पारा असतो. आत ओल राहिली तर गेज ७२८च्या आसपास अडकतं आणि माणूस गळती शोधत बसतो. वाफ पंपाच्या तेलात उतरली की ते दुधासारखं होतं. तसं दिसलं तर तेल बदलूनच पुढे जा. पावसाळ्यात हवेचा दाबच काही मिलिमीटरनं कमी असतो, त्यामुळे गेज पूर्ण ७६०वर गेलं नाही तरी घाबरू नका.

पायऱ्या कागदावर लिहून ठेवा: गेजवर २५०, मग ५००, मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर ५ मिनिटं थांबा, हवा हळूहळू आत सोडा, गेज शून्यावर आल्यावरच जवळ जाऊन कड, बूड आणि झाकण तपासा. नवा तडा किंवा वाढलेला खड्डा दिसला की चाचणी तिथेच संपली.

तिसरी पायरी निभावली तर झडप बंद करून, पंप थांबवून, दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. आतला दाब एकसारखा चढत, म्हणजे गेजचा आकडा उतरत राहिला तर गळती. आधी भरभर चढून मग मंदावला तर ओल. गळती हुडकायला कॉम्प्रेसरनं आत हवा भरू नका, झाकण उडेल. हवा सोडून एकेका जोडावर सिलिकॉन ग्रीस लावा आणि तीच मोजणी पुन्हा करा.