रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरचं दार उघडू नका

छोट्या ऑफिसात चित्र साधारण सारखंच असतं. टॅली, हिशेबाच्या फायली, जुना पत्रव्यवहार, सगळं एकाच विंडोज कॉम्प्युटरवर. आणि मार्च किंवा सप्टेंबर उजाडला की रात्री घरून त्यावर बसायची गरज. मग ओळखीतलं कुणी येतं, रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून हा कॉम्प्युटर वापरायची विंडोजची सोय) चालू करतं, राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, त्या कॉम्प्युटरकडे वळवतं. काम लगेच सुरू होतं, पण त्या क्षणापासून तुमच्या ऑफिसचं लॉगिन साऱ्या इंटरनेटला दिसायला लागतं.

हा पोर्ट हुडकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस फिरत असतात. सापडला की एकामागून एक पासवर्ड घालून बघतात. आणि प्रश्न नुसत्या पासवर्डचा नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तीत लॉगिन न करताच मशिनचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, काढावा लागला. नंबर ३३८९ चा ३३९० केल्याने काही साधत नाही, बॉट बाकीचे नंबरही तपासतात. तेव्हा असा पोर्ट आधी कुणी वळवून ठेवला असेल तर राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जाऊन तो काढा आणि यूपीएनपी (प्रोग्रॅमना आपोआप पोर्ट उघडू देणारी राउटरची सोय) बंद करा. राउटरमधलं काम तेवढंच.

त्याऐवजी दोन्ही कॉम्प्युटर एका खासगी बोगद्यात आणायचे, म्हणजे व्हीपीएन. कंपनीत आयटी विभाग असेल तर त्यांचाच व्हीपीएन वापरा आणि त्यांना विचारल्याशिवाय खालचं काहीही लावू नका. तसा विभाग नसेल तर टेलस्केल नावाचं व्हीपीएन सोपं पडतं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं आणि दोन्ही मशिनं आपणहून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर थेट दिसणारा स्वतःचा पत्ता, लागत नाही. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर तो मिळतही नाही; एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो.

सगळी मांडणी ऑफिसात त्या कॉम्प्युटरसमोर बसूनच करा. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप करून विंडोजची आवृत्ती बघा. होम असेल तर बाहेरून जोडणी घेताच येत नाही. प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन हवं. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आधी ११ वर न्या. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे बटण चालू करा आणि शेजारचा बाण उघडून ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची खूण आहे ना ते पाहा. ती असली की पासवर्ड पटल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडतच नाही. जुना क्लायंट (लॅपटॉपवरचा जोडणी घेणारा प्रोग्रॅम) जोडला जात नाही म्हणून कुणी ती खूण काढायला सांगितलं तर ऐकू नका. क्लायंट अपडेट करा.

अॅडमिन खात्यांना रिमोटचा हक्क आपोआप मिळतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कॉम्प्युटर बसवताना तयार केलेलं एखादं ‘सपोर्ट’ खातं ‘१२३४’ पासवर्डसकट तसंच पडून असतं आणि तेही रिमोटने आत येऊ शकतं. असली खाती काढून टाका. रोजचं काम साध्या खात्यातून करा आणि तेच खातं ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात घाला. पासवर्ड किमान १४ अक्षरांचा ठेवा. ज्या स्थानिक खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज मुळात रिमोटने आत घेत नाही.

आता ऑफिसचा कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप, दोन्हींवर टेलस्केल घालून एकाच खात्याने साइन-इन करा. ज्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन कराल, त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली हवीच; ते खातं गेलं तर सगळंच गेलं. ऑफिसच्या मशिनला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल, तो लिहून ठेवा. (आकडे इथे मराठीत छापलेत, पत्ता टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, देवनागरी आकडे चालत नाहीत.)

मग फायरवॉल. ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडून ‘इनबाउंड रूल्स’मध्ये ‘रिमोट डेस्कटॉप – युजर मोड’चे टीसीपी आणि यूडीपी असे दोन नियम शोधा. प्रत्येकाच्या ‘स्कोप’ टॅबमध्ये ‘रिमोट आयपी’खाली १००.६४.०.०/१० एवढीच, म्हणजे टेलस्केलच्या पत्त्यांची, पट्टी भरा. आता ऑफिसच्या वायफायवर आलेल्या पाहुण्याचा व्हायरस लागलेला लॅपटॉपही या पोर्टपर्यंत पोचत नाही. वेगळ्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर हाच नियम तिथे करावा लागतो, विंडोजमधला तिला लागू होत नाही.

इथवर सगळे येतात. पहिल्या आठवड्यात घोळ होतो तो मात्र विजेचा.

लाइट गेली, यूपीएस दहा मिनिटांत संपला, लाइट आली तरी कॉम्प्युटर बंदच. त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं हा पर्याय असतो, बहुधा ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा जवळपासच्या नावाने. तो ‘पॉवर ऑन’ वर ठेवा. मशिन सुरू झालं तरी टेलस्केल डिफॉल्टने कुणी लॉगिन करेपर्यंत जोडलं जात नाही, आणि लॉगिन करायला तुम्ही घरी! म्हणून घड्याळाजवळच्या त्याच्या आयकॉनवर क्लिक करून ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा. तसंच टेलस्केलने मशिनला दिलेली ओळखीची चावी १८० दिवसांनी संपते. ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरती ती मुदत टेलस्केलच्या वेबवरच्या पानावर ‘डिसेबल की एक्स्पायरी’ करून काढा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐन कामाच्या रात्री जोडणी तुटेल. लॅपटॉपची मुदत मात्र राहू द्या. पॉवर सेटिंगमध्ये प्लगवर असताना स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. बिटलॉकरला (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरुवातीचा पिन लावला असेल तर मशिन पिन विचारणाऱ्या निळ्या स्क्रीनवरच थांबतं, हे धरून चला.

घरी जाण्याआधी ऑफिसातच चाचणी घ्या. लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, म्हणजे खरोखर बाहेरून आल्यासारखं होतं. ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडा, तो १०० चा पत्ता घाला. स्थानिक खात्याचं नाव देताना त्याच्या आधी कॉम्प्युटरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ लावा. पहिल्या वेळी प्रमाणपत्राची पिवळी सूचना येईल, कारण ऑफिसच्या मशिनने ते प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असतं. ‘व्ह्यू सर्टिफिकेट’मधला थंबप्रिंट (प्रमाणपत्राची ओळख सांगणारी आकडे-अक्षरांची ओळ) आणि ऑफिसच्या मशिनवरच्या प्रमाणपत्रातला थंबप्रिंट एकदा पडताळून बघा, समोरच आहे तर दोन मिनिटांचं काम. पुढे कधी घरून हीच सूचना नव्याने आली तर डोळे झाकून ‘येस’ दाबू नका.

पासवर्ड बरोबर असूनही ‘क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क’ येत असेल तर बहुधा तुम्ही रोज पिनने आत जाता. पिन रिमोटने चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’चा पर्याय बंद करून ऑफिसच्या मशिनवर एकदा पूर्ण पासवर्ड घालून आत या, मग जुळतं. ‘राइट टू साइन इन’बद्दल तक्रार आली तर खातं ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ गटात घालायचं राहिलंय. नुसतं ‘कान्ट कनेक्ट’ आलं तर मशिन झोपलंय, टेलस्केल तुटलंय किंवा स्कोपमध्ये आकडा चुकलाय. टेलस्केलच्या यादीत ऑफिसचं मशिन हिरवं दिसतंय का ते आधी बघा, म्हणजे अर्धा शोध तिथेच संपतो.

करसल्लागारांच्या ऑफिसात हमखास अडणारी गोष्ट म्हणजे डीएससी टोकन, डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण. ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून ठेवलं आणि घरून सही करायला गेलं, तर टोकन सापडतच नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकून काही होत नाही, कारण हे टोकन विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड असतं आणि रिमोट सत्रात विंडोज स्मार्ट कार्ड शोधतं ते तुमच्या हातातल्या लॅपटॉपवर. तेव्हा टोकन घरी न्या, लॅपटॉपला लावा आणि कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘मोअर’ दाबून ‘स्मार्ट कार्ड्स’वर खूण करा. ड्रायव्हर ऑफिसच्या मशिनवर हवा, लॅपटॉपवरही टाकून ठेवा. तरीही काही सही करणारी सॉफ्टवेअरं रिमोट सत्र नाकारतात, मग फाइल लॅपटॉपवर आणून सही करण्याला पर्याय नाही. त्याच पानावर ‘ड्राइव्ह्ज’ची खूण मात्र गरजेपुरतीच करा, ती असली की ऑफिसच्या मशिनमधल्या व्हायरसला तुमच्या घरच्या फायली उघड्या मिळतात.

मराठी टायपिंगसाठी विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायची सवय असेल, तर खिडकी छोटी असताना ती घरच्या लॅपटॉपचीच भाषा बदलते. पूर्ण स्क्रीन केली की कळ पलीकडे पोचते.

उजवीकडची फुली दाबून बाहेर पडलात तर सत्र तिकडे चालूच राहतं, टॅली उघडीच राहते. काम संपलं की साइन आउट करा. शटडाउन नको, सकाळी कुणी ऑफिसात जाऊन बटण दाबेपर्यंत मशिन परत येणार नाही. महिन्यातून एकदा ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या सिक्युरिटी नोंदींत ४६२५ क्रमांकाच्या तेवढ्या वेगळ्या करून बघा. ही फसलेल्या लॉगिनची नोंद. तुमच्या स्वतःच्या चुकांइतक्या दोन-चार दिसल्या तर ठीक. शेकड्यांनी दिसल्या तर पोर्ट कुठून तरी उघडा राहिलाय, राउटरपासून पुन्हा बघा. आणि लॅपटॉप हरवला तर पोलिस चौकीच्या वाटेवरच मोबाइलवरून टेलस्केलच्या पानावर जाऊन ते मशिन काढून टाका, ऑफिसचा पासवर्ड त्यानंतर बदला.