लॅपटॉप तापून बंद पडायचा, तेव्हा सापडलेला बोळा

व्हिडिओ कॉल सुरू केला की दहा मिनिटांत लॅपटॉप चटका बसेल इतका तापायचा. पंखा घोंघावायचा, पण बाजूच्या जाळीतून वारा जेमतेम. 96 अंशांवर गेला की आपोआप बंद. बाहेरून ब्लोअर मारून काहीच फरक पडला नाही.

शेवटी चार्जर काढून मागचं झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पत्र्यांच्या मधोमध धुळीचा घट्ट बोळा! चिमट्याने अख्खा निघाला. ब्रश फिरवताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्टही (चिपची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवणारा लेप) खडूसारखी वाळलेली. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली.

आता त्याच कॉलला 70 अंश. गादीवर ठेवणं मात्र बंद केलंय, खालची जाळी झाकली जाते.