लंबकाचा जोडतास: चाळीस मुलं, एकच घड्याळ

कृती करून शिकवायचं म्हणून साहित्य वाटलं, मुलांचे हात चालू लागले, वर्गात गलबला झाला, तरी तासानंतर कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही, हे अनेक शाळांत दिसतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेलं होतं. मुलाने आपला अंदाज पणाला लावला असेल तरच ते निकालाकडे डोळे लावून बसतं. लंबक त्यासाठी फार चांगला विषय आहे. साहित्य स्वस्त, निकाल स्पष्ट आणि बहुतेकांचा पहिला अंदाज चुकणारा. पुढची आखणी सहावी ते आठवीच्या चाळीस मुलांच्या वर्गासाठी आहे. चौघांचा एक असे दहा गट आणि 35 मिनिटांचे दोन सलग तास लागतात.

प्रत्येक गटाला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, गोधडी शिवायचा जाड दोरा सव्वा मीटर, 12 मिमीचे सारखे तीन नट, एक यू-पिन आणि चिकटपट्टी द्या. सुतळी नको, तिला पीळ असतो आणि नट गरगर फिरतो. बारीक नायलॉन ताणला जातो. कागदाचा बोळा किंवा खोडरबर लटकवलं तर हवेच्या विरोधाने झोके लवकर मंदावतात आणि मोजणाऱ्याला ते नीट दिसत नाहीत. नट मिळाले नाहीत तर लोखंडी वायसर चालतील.

चिमटा बाकाच्या कडेवर असा चिकटवा की त्याचं तोंड दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येईल. दोरा त्या तोंडात धरायचा. लांबी बदलायची तर चिमटा दाबून दोरा वर ओढला की झालं, गाठ सोडावी लागत नाही. कुणीतरी दोरा हातात धरून उभं राहिलं तर मात्र प्रयोग बिघडतो, कारण हात नकळत झोक्याबरोबर हलतो आणि त्याला जोर देतो. बाक डुगडुगत असेल तर त्यावर दप्तरं ठेवा. बाकं नसतील तर खिडकीचे गज उत्तम. बाकाची उंची साधारण 70 सेंमी धरली तर तिथे 60 सेंमीपर्यंतचाच लंबक नीट हलतो. त्याहून लांब लंबक गजाला किंवा दाराच्या चौकटीला लावा.

दोऱ्याच्या खालच्या टोकाला यू-पिन वाकवून आकडा करा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण अर्धा प्रयोग त्यावर अवलंबून आहे. मुलं स्वतःहून वजन वाढवतात तेव्हा एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे बांधतात. मग वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे लंबकच लांब होतो. 25 सेंमीच्या लंबकात मध्य दोन सेंमी खाली गेला तर 30 सेकंदांत एखादा झोका कमी पडतो, आणि गट छातीठोकपणे सांगतो की जड लंबक हळू हलतो. तिन्ही नट एकाच आकड्यात शेजारी-शेजारी अडकवले की ही गफलत होत नाही. लांबी मोजायची ती चिमट्याच्या तोंडापासून नटाच्या मध्यापर्यंत. गाठीपर्यंत मोजणारे गट हमखास निघतात, म्हणून सुरू करण्याआधी प्रत्येक बाकाजवळ जाऊन लांबी तपासा.

आता पहिली दहा मिनिटं साहित्याला हात न लावता. सगळ्या वर्गाला विचारा: एका नटाऐवजी तीन नट लावले तर 30 सेकंदांतले झोके वाढतील, कमी होतील की तेवढेच राहतील? मग विचारा, नट जास्त लांब ओढून सोडला तर? दोरा आखूड केला तर? प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग हात वर. आकडे फळ्याच्या कोपऱ्यात तासभर तसेच राहू द्या. बरोबर-चूक सांगायचं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. मुलं शिक्षकांचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात.

घड्याळ एकच, तुमच्या हातात. प्रत्येक गटाला स्टॉपवॉच दिलं तर निम्मा तास बटणं दाबण्यात जातो. तुम्ही ‘सोडा’ म्हणायचं, 30 सेकंदांनी ‘थांबा’. दहाही गट एकाच वेळी मोजतात आणि मोजताना वर्ग आपोआप शांत होतो. गटात एक सोडणारा, दोन मोजणारे, एक नोंदी ठेवणारा. दोघांची मोजणी जुळली नाही तर तो प्रयत्न धरायचा नाही. प्रत्येक फेरीला कामं बदला, नाहीतर वहीवाली मुलगी शेवटपर्यंत वहीवालीच राहते.

पहिली फेरी सरावाची: सगळ्यांनी 25 सेंमी, एक नट. नट बाजूला घेऊन दोरा ताणलेला ठेवायचा, बाकाच्या कडेला समांतर, आणि ढकलायचं नाही, फक्त सोडायचा. ढकलला की नट लांबट गोल फिरतो. जाऊन परत आला की एक झोका. 25 सेंमीला 30 सेकंदांत 30 झोके येतात. वर्गात 29, 30, 31 असे आकडे येतील आणि बहुधा एखाद्या गटाचे 60 येतील. लगेच दुरुस्त करू नका. ‘यांचा लंबक खरंच दुप्पट वेगाने हलतोय का, बघून सांगा’ एवढंच म्हणा. जाताना एक आणि येताना एक मोजला हे दुसऱ्या गटाचं मूल शोधून काढतं, आणि मग झोका म्हणजे नेमकं काय हे वर्गच ठरवतो. सगळ्यांचा एखादा झोका जास्त येत असेल तर सोडतानाच ‘एक’ म्हटलं जातंय. सोडताना ‘शून्य’ म्हणायची सवय लावा.

मग वजन: तीन नट, तीच लांबी. पुन्हा 30 च्या आसपास. इथे वर्गात कुजबुज सुरू होते, कारण फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा सगळ्यांना दिसत असतो. काही गट आपलंच चुकलं असं समजून पुन्हा मोजू मागतील; त्यांना वेळ द्या. घाई करायची ही जागा नाही.

सोडण्याच्या कोनाची फेरी थोडक्यात आटपा, पण एक जपून. 10 अंश आणि 20 अंश यांत फरक सापडणार नाही. कुणी 60 अंशांवरून सोडला तर एका झोक्याला सुरुवातीला सुमारे 7 टक्के जास्त वेळ लागतो आणि मोजणीत तो दिसू शकतो. अशा मुलाला चूक ठरवू नका, त्याने खरंच पाहिलं आहे. कोन लहान असेपर्यंतच झोक्याचा वेळ जवळजवळ सारखा राहतो, एवढं सांगा.

दुसरा तास लांबीचा. प्रत्येक गटाला वेगळी लांबी द्या: 15, 20, 25, 30, 40, 50, 60, 70, 80 आणि 100 सेंमी. तुमच्या माहितीसाठी अपेक्षित आकडे: 15 ला साधारण 39, 20 ला 33, 40 ला 24, 50 ला 21, 60 ला 19, 80 ला 17, 100 ला 15. हे मुलांना दाखवू नका. प्रत्येक गटाने तीन वेळा मोजून मधला आकडा घ्यायचा. सरासरी नको, एक घसरलेली मोजणी तिला ओढून नेते.

आता फळ्यासमोर एक दोरी आडवी ताणून बांधा आणि तिच्यावर दर 5 सेंमीला 14 पासून 40 पर्यंत आकड्यांच्या चिठ्ठ्या लावा. प्रत्येक गटाने आपला लंबक चिमट्यासकट आपल्या आकड्याखाली लावायचा. दहा नट मिळून एक वळणदार रेषा तयार होते, सुरुवातीला उतार तीव्र आणि मग सौम्य होत जाणारी. आलेख कागदावर काढायच्या आधी तो असा डोळ्यांसमोर लटकलेला दिसला की अक्ष म्हणजे काय हे निराळं शिकवावं लागत नाही. एखादा नट रेषेबाहेर असेल तर बोट दाखवू नका. तो गट स्वतःच उठतो आणि पुन्हा मोजायला जातो.

इथे विचारा: बरोबर 22 झोके हवे असतील तर लांबी किती? मुलं 40 आणि 50 च्या मधल्या जागेकडे बघून अंदाज सांगतात. दोन गटांना तसा लंबक बांधून मोजायला सांगा. उत्तर 46 सेंमीच्या जवळ येतं. मग 25 आणि 100 यांचे आकडे शेजारी लिहून दाखवा: लांबी चौपट, झोके निम्मे. आठवीला वर्गमुळापर्यंत नेता येईल, सहावीला एवढंच पुरे. 1656 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं ते लंबकाच्या ह्याच नियमितपणावर, ही गोष्ट सांगायची तर आत्ता सांगा. आधी सांगितली तर उत्तर फुटतं.

समजलं का हे तपासायला व्याख्या विचारू नका. विचारा: झोपाळ्यावर एकजण बसला किंवा तेवढ्याच उंचीची दोघं बसली तर झोक्याचा वेळ बदलेल का? आणि बसलेला माणूस उभा राहिला तर? दुसऱ्या प्रश्नात माणसाच्या वजनाचा मध्य वर जातो, लांबी घटते, झोका लवकर होतो. सुट्टीत मैदानावर तपासायला पाठवा, उभं राहणाऱ्याला साखळी दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगून.

वेळ कमी असेल तर कोनाची फेरी गाळा, अंदाज लिहिण्याची गाळू नका. साहित्य गोळा करताना प्रत्येक दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून त्याच्यावर गटाचा क्रमांक लिहा, आणि नट मोजून घ्या. पुढच्या वर्षी दहा दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायला कुणाकडेच वेळ नसतो.