भडंग, झेंडू आणि बारा द्राक्षं: मुलांना हिस्पॅनिक सण कसे शिकवायचे

अमेरिकेतल्या शाळांत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हिस्पॅनिक हेरिटेज मंथ असतो. तिकडची भाचरं व्हिडिओ कॉलवर काहीबाही दाखवतात आणि मग इकडची पोरं मागे लागतात की हे काय असतं, आपण पण करूया. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत रविवारी सकाळी बिल्डिंगमधली पोरं जमवून जे जमतं ते करतो आम्ही, त्यातनं जे चांगलं चाललं ते लिहितेय.

आधी मोठ्यांसाठी थोडं. हिस्पॅनिक म्हणजे काही एक देश नाही, स्पेन धरून वीसेक देश आहेत जिथे स्पॅनिश चालते. ब्राझील त्यात येत नाही, तिथे पोर्तुगीज. 1968 ला अमेरिकेने याचा आठवडा सुरू केला आणि 1988 ला त्याचा महिना केला. महिन्याच्या मधोमध 15 तारखेला सुरुवात का, तर ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाच देश 15 सप्टेंबर 1821 ला स्वतंत्र झाले, लगेच 16 ला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन आणि 18 ला चिलीचा. भिंतीवर नकाशा लावा आणि एका वेळी एकच देश, एकच सण घ्या. सगळं एका दुपारी उरकायला गेलात तर पोरांच्या डोक्यात फक्त मोठी टोपी आणि खोट्या मिशा राहतात. तसलं फॅन्सी ड्रेस तर करूच नका प्लीज, कुणी आख्खा भारत म्हणून एक फेटा आणि एक साप दाखवला तर आपल्याला कसं वाटेल.

सुरुवात खाण्यापासून करा, पोरं लगेच येतात. एका ताटात भडंग ओता आणि त्यातलं काय काय अमेरिका खंडातनं आलंय ते वेगळं काढायला सांगा. शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, मिरची पण तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजातनं आपल्याकडे आली, वरनं टोमॅटो घातला असेल तर तोही तिकडचाच. हळद मात्र आपली, सांगलीकरांनी निर्धास्त राहावं. आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "काकू, मग शिवाजी महाराजांच्या आधी लोक तिखट कसं खायचे?" मिरी, असं उत्तर द्या आणि डब्यातली चार मिरी चावायला द्या. मका तर मेक्सिकोत साधारण 9000 वर्षांपूर्वी रानगवतापासून तयार झाला. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात आणि त्याच्या टॉर्टिया थापतात. घरी चुन्याच्या भानगडीत पडू नका, साध्या मक्याच्या पिठाची छोटी भाकरी थापा, आत राजमा, कांदा, टोमॅटो, लिंबू. एवढं पुरतं.

भाकरी भाजेपर्यंत खानखोज्यांची गोष्ट सांगा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागे लागलेले म्हणून देशोदेशी फिरत 1924 ला मेक्सिकोत पोचले आणि तिथल्या चापिंगोच्या शेतकी कॉलेजात प्रोफेसर झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरा हा तिथला केवढा मोठा चित्रकार, त्याने भिंतीवरच्या एका चित्रात त्यांना रंगवलंय. आपल्याकडे शाळेत हे का सांगत नाहीत कुणास ठाऊक.

आता खरा मोठा सण, मेक्सिकोचा दिआ दे लोस मुएर्तोस, म्हणजे मेलेल्या माणसांचा दिवस. 1 नोव्हेंबरला गेलेल्या लहान मुलांची आठवण, 2 ला मोठ्यांची. घरात टेबल मांडतात, त्यावर फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा ग्लास, मीठ, त्या माणसाच्या आवडीचं खाणं आणि ढीगभर झेंडू. आणि झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे सांगितल्यावर दसऱ्याला तोरणं करणारी पोरं जरा गप्पच होतात. हे करताना आजी-आजोबांशी आधी बोला, काहींना अशुभ वाटतं. पितृपक्षासारखंच आहे म्हटलं की बहुतेक ऐकतात. पण मुलांना तेवढ्यावर सोडू नका, फरक पण सांगा. तिथे रात्री स्मशानात दिवे लावून, गाणी म्हणत बसतात, मरणाची थट्टा करणाऱ्या कविता करतात, साखरेच्या कवट्या विकायला असतात आणि कवटीच्या कपाळावर जिवंत माणसाचं नाव लिहून त्यालाच भेट देतात! हे हॅलोविन नाही, भुताचे मुखवटे आणू नका. आणि टेबलावर जिवंत माणसाचा फोटो चुकूनही ठेवायचा नाही, ग्रुप फोटो असेल तर नीट बघून घ्या.

त्या टेबलावर टांगायच्या पताका पोरांना मस्त जमतात. पापेल पिकादो म्हणतात त्याला. तिथले कारागीर पातळ कागदांची थप्पी करून छिन्नीने नक्षी कोरतात, आपण पतंगाचा कागद आणि कात्री घ्यायची. कागद उभा दुमडा, परत दुमडा, वरची दोन बोटं जागा सोडून द्या, आणि दुमडलेल्या कडेवरनं अर्धी पानं, अर्धे चंद्र कापा. सगळ्यात खाली झालर. हळूच उलगडा, ओढू नका, तो कागद लगेच फाटतो. वरची सोडलेली पट्टी सुतळीवर दुमडून खळ लावायची. डिंक नको, त्याने रंग पसरतो.

डिसेंबरात मेक्सिकोचाच पोसादा हा सण. 16 ते 24, नऊ रात्री येशूचे आईवडील मेरी आणि जोसेफ निवारा शोधत फिरले तसं लोक दारोदारी गाणी म्हणत जातात आणि शेवटी पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरलेला कागदी गोळा, फोडतात. फुग्यावर खळीत बुडवलेल्या पेपरच्या पट्ट्यांचे तीन-चार थर द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचे, फुगा फोडून काढायचा, पुठ्ठ्याची सात टोकं चिकटवायची (ख्रिस्ती धर्मातली सात पापं म्हणे). डोळ्यांवर पट्टी बांधून काठीने फोडायचं. दहीहंडी आठवतेच, पण इथे थर नाहीत, एकेकाचा नंबर. आत चॉकलेटं कोंबू नका, मेक्सिकोत शेंगा, उसाची कांडकी, संत्री घालायची पद्धत आहे आणि आपल्याकडे शेंगा-ऊस काय कमी आहे का. काठीवाल्यापासून बाकीच्यांना लांब उभं करा.

एखादा रविवार मिरजेला काढा. तंतुवाद्यांच्या दुकानात भोपळ्याचा तुंबा आणि लाकडाचा दांडा जोडून सतार कशी होते ते बघू द्या, आधी विचारून जा, कारागिरांचा खोळंबा नको. मग घरी येऊन मेक्सिकोतल्या पाराचो गावाचे व्हिडिओ लावा, ते आख्खं गाव गिटारी बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या पोरांनी मग स्वतःच दोन्हीकडची लाकडं, तारा, खुंट्या यांचा तक्ता केला.

वर्षाचा शेवट स्पेनला. 31 डिसेंबरला मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे बारा ठोके पडतात, प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष तोंडात. तिकडे अलिकांतेच्या बाजूला ही द्राक्षं वेलीवरच कागदाच्या पिशवीत झाकून वाढवतात, बागाईतदाराच्या पोराला हे सांगा, तो तुम्हाला निर्यातीच्या घडांना कागद का लावतात ते सांगेल. डिसेंबरअखेर आपल्याकडचा माल थोडा आंबट आणि महाग, तासगावचा बेदाणा पण चालतो. पाच वर्षांखालच्यांना द्राक्ष उभं चिरून द्या आणि ठोके-बिके नको, सावकाश खाऊ दे, घाईत घशात अडकतं. स्पेनमध्ये बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात, त्यामुळे लाइव्ह बघायचा हट्ट सोडा आणि रात्री आठलाच स्टीलच्या ताटावर चमच्याने बारा ठोके द्या.