कार्डाचा दमसास

डिप्लोमा संपवून मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये रुजू झाले. कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर, असा रोजचा प्रवास. एसएसडी म्हणजे लॅपटॉप जलद करणारी पट्टी, एवढीच तेव्हा माझी समज होती.

पहिल्याच महिन्यात डेटाबेस सर्व्हरसाठी आलेलं पीसीआयई कार्ड, म्हणजे सर्व्हरच्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी, तपासायला मिळालं. एफआयओ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं, खोक्यावर छापलेत तेवढे आकडे आले, मी रिपोर्ट लिहिला. शिफ्टचे सर म्हणाले, "रात्रभर चालू दे, सकाळी दाखव." सकाळी रँडम राइटचा, म्हणजे विखुरलेल्या जागी लिहिण्याच्या वेगाचा, आकडा एक तृतीयांशावर आला होता. मला वाटलं, कार्ड खराब निघालं. पण कार्ड उत्तम होतं, चूक माझ्या तपासणीत होती.

फ्लॅशमध्ये, म्हणजे एसएसडीतल्या डेटा साठवणाऱ्या चिप्समध्ये, लिहिता येतं पानापानाने, पुसताना मात्र अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. कोरं कार्ड रिकाम्या पानांवर भराभर लिहितं. ते एकदा भरलं की आधी ब्लॉकमधली कामाची पानं दुसरीकडे हलवायची, मग ब्लॉक पुसायचा, मग नवं लिहायचं. सर्व्हरने एकदा लिहायला सांगितलं की आत दोन-तीनदा लिहिलं जातं. म्हणून आधी संपूर्ण कार्ड दोनदा भरून घ्या, मग रँडम राइट चालवा आणि आकडा स्थिरावल्यावरच नोंदवा. ग्राहकाचा सर्व्हर वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर चालणार असतो.

३.८४ टीबी आणि ३.२ टीबी अशी दोन कार्डं शेजारी दिसली तर दुसरं कमी प्रतीचं समजू नका. बऱ्याचदा आतल्या चिप्स तेवढ्याच असतात. दुसऱ्यात या हलवाहलवीसाठी जास्त जागा राखून ठेवलेली असते. लिहून-लिहून फ्लॅश झिजते, आणि हलवाहलव कमी झाली की आतलं लिखाणही कमी होतं; त्यामुळे त्याचं आयुष्यही वाढतं. आयुष्य मोजतात डीडब्ल्यूपीडीत, म्हणजे वॉरंटीच्या काळात रोज कितीदा पूर्ण कार्ड भरून लिहिता येईल. ३.२ टीबीचं ३ डीडब्ल्यूपीडीचं कार्ड ५ वर्षांत १७,५२० टीबी लिखाण झेलतं, तर ३.८४ टीबीचं १ डीडब्ल्यूपीडीचं ७,००८ टीबी. हा गुणाकार स्वतः करायची सवय लावा. त्याआधी ग्राहकाला विचारा, "रोज लिहिता किती?" बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं, मग चालू सर्व्हरच्या स्मार्ट-लॉगमधला, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच ठेवत असलेल्या नोंदीतला, एकूण लिखाणाचा आकडा आठवडाभराच्या अंतराने दोनदा वाचून आपणच काढायचं.

मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे कार्डावरची कपॅसिटरची, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागांची, रांग. डेटाबेस प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, एफसिंक करतो, म्हणजे "कायमचं लिहिलं गेलं ना?" असं विचारतो. साध्या एसएसडीला फ्लॅशपर्यंत पोचल्याशिवाय खरं उत्तर देता येत नाही. कपॅसिटरवालं कार्ड स्वतःच्या डीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या जलद मेमरीत, डेटा आला की लगेच हो म्हणतं, कारण वीज गेली तरी तेवढा डेटा फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा त्याच्याजवळ साठलेली असते. हे संरक्षण आहेच, पण कमिटचा वेगही त्यातूनच येतो.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एक घोळ आधीच मिटवावा. पीसीआयई हा रस्ता, एनव्हीएमई ही त्यावर बोलायची भाषा, आणि एम.२, यू.२ किंवा स्लॉटमधलं कार्ड हे आकार. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ची. साटा डिस्कसाठीच्या जुन्या एएचसीआय या भाषेत ३२ कमांडची एकच रांग होती. एनव्हीएमईत हजारो रांगा लावता येतात, म्हणून प्रोसेसरचा प्रत्येक कोअर आपली रांग वेगळी ठेवतो.

बदलायची वेळ आली की आकार महत्त्वाचा ठरतो. यू.२ ड्राइव्ह बहुतेक सर्व्हरमध्ये चालू असतानाच पुढून ओढून काढता येतो. स्लॉटमधल्या कार्डासाठी सहसा सर्व्हर बंद करावा लागतो, म्हणजे डाउनटाइमची परवानगी आणि रात्रीची शिफ्ट.

आणि काढलेलं कार्ड कपाटात ठेवून विसरू नका. जेडेक या चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे, लिखाणाचं आयुष्य पूर्ण वापरलेल्या एंटरप्राइझ (सर्व्हरसाठीच्या) एसएसडीने विजेविना ४० अंश सेल्सिअसला ३ महिने डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा असते. आमच्या कपाटातल्या प्रत्येक कार्डावर आता काढल्याची तारीख आणि आतल्या डेटाची प्रत कुठे घेतली आहे, याची चिठ्ठी चिकटवलेली असते.