भाड्याचं घर बघायला गेलात की आधी नळ सोडा

पुण्यात आल्यापासून चौदा वर्षांत आम्ही सहा भाड्याची घरं केली. कर्वेनगर, वारजे, धायरी, पुन्हा वारजे. त्यामुळे ओळखीत कुणी घर शोधायला लागलं की मला सोबत नेतात आणि मी जातेच. चुकीच्या घरात अकरा महिने कसे निघतात ते मी काढून बघितलंय.

घरात शिरलात की हॉलमध्ये रेंगाळू नका, हॉल एजंट दाखवणारच आहे. सरळ स्वयंपाकघरात जा आणि नळ सोडा. मग बाथरूमचा, मग बेसिनचा, तिन्ही एकदम चालू ठेवा. धार करंगळीएवढी झाली तर सकाळी सातला, सगळ्या बिल्डिंगच्या आंघोळी चालू असताना, काय होईल ते तिथेच कळतं. नळाच्या जाळीला पांढरा खरखरीत थर असेल तर पाणी बोअरचं, जड आहे. डाळ शिजत नाही, गीझरची कॉइल लवकर जाते. खाली उतरताना वॉचमनदादांशी दोन मिनिटं बोला: कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं, मेमध्ये टँकर किती लागतात? मालकांना हे सांगायचं नसतं असं नाही, पुष्कळदा ते त्या घरात कधी राहिलेलेच नसतात. धायरीला आम्हाला एप्रिलपासून टँकरची वर्गणी वेगळी द्यावी लागली, कारण ती मेंटेनन्समध्ये धरलीय का हे मी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट ओल. शाळा सुरू व्हायच्या आधी म्हणून सगळे मेमध्ये घर बघतात आणि मेमध्ये प्रत्येक घर कोरडं ठणठणीत असतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हात लावा. खिडकीखालचा कोपरा आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, या दोन जागी तळहात सपाट टेकवून हळूहळू खाली न्या. रंगाखाली पापडासारखं काही दबलं, बारीक करकर झाली, की प्लास्टर आतून सुटलंय. भिंतीतलं कपाट उघडून खालच्या कप्प्याचा वास घ्या. आणि चार भिंतींतली एकच नव्याने रंगवलेली दिसली तर का, ते विचारा.

वारज्याच्या पहिल्या घरात मी हे केलं नाही. वरचा मजला, छान वारा, आम्ही भुललो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या भिंतीवर नकाशासारखा डाग पसरला. त्याच भिंतीतल्या कपाटात सासूबाईंची लग्नातली नऊवारी होती. घडी उलगडली तर आतल्या पदरावर हिरवट बुरशी. त्या काही बोलल्या नाहीत, साडी उन्हात घालून नुसत्या बसून राहिल्या. घर सोडताना मालकांनी त्याच भिंतीच्या रंगाचे आठ हजार आमच्या डिपॉझिटमधून कापले. आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून चावी हातात आली की सामान आत जायच्या आधी मी भिंती, छत, नळ, खिडक्यांच्या काचा, सगळ्याचा व्हिडिओ काढते आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवते.

नदी किंवा ओढा जवळ असेल तर समोरच्या किराणावाल्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने रात्रीतून वस्त्या बुडवल्या. भाडं कमी का आहे, याचं उत्तर कधीकधी तेच असतं.

घर आवडलं तरी संध्याकाळी सातला एकदा परत जा. पार्किंग, रस्त्यावरची गर्दी, जिन्यातले दिवे, मोबाइलची रेंज, सगळं एका फेरीत कळतं.

आता जरा अवघड विषय. सासर वेंगुर्ल्याचं, आमच्याकडे रविवारी बांगडा तळला जातो. काही मालकांना ते चालत नाही, काहीजण तर आधी आडनाव विचारून गप्प होतात. मला दर वेळी वाईट वाटतं, आणि हे चुकीचं आहे असं मी तोंडावर सांगते. पण लपवून घर घेऊ नका. पहिल्या फोनलाच विचारून टाका. स्वतःच्या घरात खिडक्या लावून स्वयंपाक करायची पाळी कुणावर येऊ नये.

कागदपत्रांत मात्र अजिबात भिडस्तपणा नको. "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला" असं एजंट म्हणतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे हाच भाड्याने राहण्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही: महिन्याला १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं मिळून ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास होतं, शहरात नोंदणी फी १,०००. वर एजंटची मजुरी. आधार आणि अंगठा लावून घरबसल्या होतं.

सही करण्याआधी करार पूर्ण वाचा, एजंट घाई करत असला तरी. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोण देणार, घर सोडताना नोटीस किती दिवसांची, हे आकड्यांत लिहून घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून लागणारा आकार, सोसायटी मालकाकडून घेते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. तो वेगळा तुमच्या माथी मारत असतील तर भाडं ठरतानाच बोला.

आणि चावी घेताना खाली मीटरपाशी जाऊन रीडिंगचा फोटो काढा, महावितरणचा ग्राहक क्रमांक घ्या आणि मागचं बिल बाकी आहे का ते तिथे उभ्याउभ्याच बघा.